मांजराच्या पिल्लाच्या मिशा अचानक तुटल्यात, कुणाला अनुभव आहे का?

तुळशीवृंदावन
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीला गावभागात राहतो, जुना वाडा आहे. दीड महिन्यापूर्वी आमच्या सोनीने न्हाणीघरात बंबामागच्या कोनाड्यात तीन पिल्लं घातली. भडंग, टिकली आणि काळू. भडंग हे नाव माझ्या नणंदेच्या मुलाने ठेवलंय. पांढऱ्या अंगावर पिवळे-तांबडे ठिपके, अगदी मसाला लागल्यासारखे.

गेल्या गुरुवारी भडंगला मांडीवर घेतलं तर डाव्या गालावर मिशाच नाहीत. बोट फिरवलं तेव्हा मोहरीएवढी खुंटं लागली. उजवीकडे चार-पाच उरल्यात, त्याही एकीचं माप दुसरीला नाही. टिकलीच्याही आखूड वाटतात. काळूच्या मात्र सगळ्या जागेवर. पिल्लू दूध पितंय, खेळतंय, अंग गरम नाही. पण काल उंबरा ओलांडताना भडंगचा अंदाज चुकला, तोंडावर आपटलं आणि माझ्या पोटात गोळा आला.

घरात सगळ्यांचं बोट भाच्याकडे. सात वर्षांचा आहे, सुट्टीला आलाय, हस्तकलेची कात्री दिवसभर हातात. तो देवाची शपथ घेऊन नाही म्हणतोय. परवा सासूबाई रागावल्या तर न जेवता झोपला. मला खरं काय ते कळायला हवं, पिल्लासाठी आणि पोरासाठीसुद्धा. हा काही आजार आहे का? मिशा परत येतात का?

मिरज जंक्शन
आधी कात्री वरच्या फळीवर ठेवा, मग चौकशी. बाकी भडंग नाव फार आवडलं.

दुपारची झोप
पोराचंच काम असणार. सांगते का ते.

मी आठ वर्षांची असताना आमच्या चंपीच्या मिशा कापल्या होत्या. शेजारच्या न्हावीकाकांना बघून बघून. मांजर झोपलं होतं, कात्री चालवली तरी हललं नाही, म्हणून मला वाटलं केस कापल्यासारखंच असतं. खरी गंमत नंतर कळली. चंपी रोज माळ्यावरून फडताळावर आणि तिथून खाली अशी उतरायची. त्या रात्री फडताळाची कड चुकली आणि पितळी डब्यांसकट खाली आली. लागलं नाही फारसं, पण पुढं कितीतरी दिवस ती भिंतीला अंग घासत चालायची, दारातून जाताना थांबायची. आईने मला काही विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. आज पहिल्यांदा लिहितेय. आई असती तर तिलाच सांगितलं असतं.

उंबराखाली
दुपारची झोप ताई, तुमचा अनुभव मनाला लागला. पण तुम्ही कापल्या म्हणून या पोराने कापल्या असं होत नाही ना. सात वर्षांचं पोर उपाशी झोपतंय म्हणजे त्याला काहीतरी खुपलंय. केलेलं लपवणारी पोरं जेवून घेतात, हा माझा ३१ वर्षांच्या मास्तरकीचा अनुभव.

मिरज जंक्शन
सर, यावर स्वतंत्र धागा काढा, आम्ही येतो.

गोठ्यातला डॉक्टर
मी जनावरांचा डॉक्टर. शिरवळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात शिकलो, दिवसभर काम गाई-म्हशींचं, पण संध्याकाळी मांजरं-कुत्रीही येतात. थोडं सविस्तर लिहितो.

मांजराची मिशी हा साधा केस नाही. अंगावरच्या केसापेक्षा दुपटीने जाड आणि तिप्पट खोल रुजलेली असते. मुळाशी रक्ताने भरलेली छोटी पिशवी असते आणि तिच्याभोवती नसांचं जाळं. वर जो केस दिसतो त्यात नस नाही, म्हणून कापताना दुखत नाही. चंपी हलली नाही ती त्यामुळंच. पण टोकाला वाऱ्याची झुळूक लागली तरी मूळ हलतं आणि ते मेंदूला कळतं. आंधळ्या माणसाची काठी समजा. काठीला दुखत नाही, पण काठी मोडली तर माणूस अडतो.

साधारण प्रत्येक गालावर बाराच्या आसपास, चार ओळींत. शिवाय डोळ्यांवर, हनुवटीला आणि पुढच्या पायांच्या मागल्या बाजूला, मनगटाशी. ही शेवटची बऱ्याच जणांनी पाहिलेलीच नसते. मांजराला नाकासमोर वीतभर अंतरातलं नीट दिसत नाही. उंदीर तोंडात धरला की तो पुढच्या मिशा भोवती वळवून चाचपतं. पिल्लू तर जन्मताना डोळे मिटलेलं, कानही बंद. डोळे आठवडा-दोन आठवड्यांनी उघडतात. मिशा मात्र जन्मतःच असतात. आईच्या पोटाची ऊब आणि दूध शोधायला वास आणि या मिशाच कामी येतात.

आता तुमचा प्रश्न. एखाददुसरी मिशी आपोआप गळते, ते आपल्या केसांसारखंच. एका बाजूच्या बहुतेक सगळ्या एकदम गेल्या तर मात्र कारण शोधायचं. तुम्ही एक करा. पिल्लू झोपलं की मोबाईलची बत्ती लावा, घरात पोथी वाचायचं भिंग असेल तर ते घ्या, आणि खुंटाचं टोक बघा. सरळ, सपाट कापलेलं आहे, की फाटून पिंजारलेलं आहे, की वळून गाठ झाली आहे? मग मिशीखालची कातडी बघा. लाल आहे का, कोंडा आहे का, गोल चट्टा आहे का? कानामागे आणि पंजांवर पण. मुळाशी हात लावून ओढून बघू नका, तिथं खरंच दुखतं. एवढं कळवा, मग पुढचं बोलू.

तुळशीवृंदावन
डॉक्टर, मनापासून आभार. सासूबाईंचं ज्ञानेश्वरीचं भिंग आहे. रात्री बघते.

पेठेतली हळद
एवढं कशाला? सांगलीत राहता आणि हळद विसरता? २०१८ ला आपल्या हळदीला मानांकन मिळालंय ते उगीच नाही. खोबरेल तेलात हळद कालवून दोन वेळा गालाला लावा. आमच्या वखारीतल्या मांजरांना कधी काही झालेलं नाही, दिवसभर हळदीच्या पोत्यांवर लोळतात.

मिरज जंक्शन
तुमची मांजरं मूळची पांढरी आहेत का पिवळी, हे तुम्हाला तरी माहीत आहे का दादा?

पेठेतली हळद
एक पांढरं आहे. पावसाळ्यात कळतं.

गोठ्यातला डॉक्टर
हळद विष नाही. पण मांजर गालाला लावलेलं पाच मिनिटांत पंज्याने पुसून चाटून टाकतं. म्हणजे औषध गालाला नाही, पोटात. तेल जास्त गेलं की हगवण. आणि बुरशी असेल तर वरून पिवळं झाल्यावर चट्टा दिसत नाही, निदान लांबतं. वखारीतल्या मांजरांना काही होत नाही कारण त्यांना मोकळी हवा, ऊन आणि भरपूर उंदीर मिळतात.

एक विनंती सगळ्यांना. माणसाच्या नायट्याची, गजकर्णाची ट्यूब मेडिकलमधून आणून पिल्लाला चोपडू नका. बऱ्याचशा ट्यूबमध्ये स्टेरॉइड मिसळलेलं असतं, त्याने वरून बरं वाटतं आणि आत बुरशी पसरते. माणसातही हेच होतंय.

कृष्णाकाठ
गजकर्णाचा विषय निघाला म्हणून लिहिते. २०१९ च्या महापुरात आम्ही सांगलीवाडीतून निघालो. आयर्विन पुलाची धोक्याची पातळी ४५ फूट, त्या वर्षी पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं होतं. घरातलं काय घ्यायचं हे सुचत नव्हतं. माझ्या मुलीने बादलीत दोन पिल्लं घातली आणि वर टॉवेल टाकला. नावेतला माणूस ओरडला, पण ती बादली सोडेना.

पुढचे वीस-बावीस दिवस नातेवाइकांच्या एका खोलीत नऊ माणसं आणि ती दोन पिल्लं. ओले कपडे, ओल्या गाद्या, ऊन नाही. पुठ्ठ्याच्या खोक्यात ती दोघं. आधी एकाच्या मिशा गेल्या. आम्हाला वाटलं उपासमारीने. मग त्याच जागी करड्या रंगाचा कोंडा, मग कानावर रुपयाएवढा गोल चट्टा. तोवर माझ्या मुलीच्या मानेवर, माझ्या दंडावर आणि जाऊबाईंच्या पोटावर तसेच गोल उठले होते. पिल्लं मुलीच्या गळ्याशी झोपायची ना.

डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत जांभळा दिवा धरला तर चट्ट्यातले केस हिरवे चमकले. मला ते अजून डोळ्यांपुढे दिसतं. सगळ्यांनाच औषध झालं, माणसांना वेगळं, पिल्लांना वेगळं. दोन महिने लागले. पण मिशा आल्या, दोघांच्याही.

तुळशीवृंदावन, तुमच्या पिल्लाच्या मिशीखाली कोंडा असेल तर एक दिवसही थांबू नका. घरात लहान मूल आहे.

गोठ्यातला डॉक्टर
कृष्णाकाठ ताईंनी पुस्तकापेक्षा चांगलं सांगितलंय. पिल्लांतल्या बुरशीचं नाव मायक्रोस्पोरम कॅनिस, मांजरांत सर्वाधिक आढळते ती हीच. कोंदट जागा, गर्दी, अशक्तपणा मिळाला की धरते. त्या दिव्याखाली ती बहुतेक वेळा चमकते, पण नेहमीच नाही. त्यामुळे चमकलं नाही म्हणजे बुरशी नाही असं समजू नये, केस तपासणीला पाठवावे लागतात. तिची बीजं गळलेल्या केसांवर घरात वर्षभरही टिकतात. म्हणून अंथरूण गरम पाण्यात धुऊन कडक उन्हात टाकणं, केर रोज काढणं हे निम्मं औषध.

फक्त फरशी काळ्या फिनेलने पुसू नका. पाण्यात टाकलं की दुधासारखं होणारं ते तपकिरी जंतुनाशकही नको. मांजराच्या यकृताला हे पचत नाही, आणि पंजे चाटताना ते पोटात जातं. तापाची पॅरासिटामॉलची गोळी तर चुकूनही नाही, एका गोळीने मांजर दगावतं. हे दर वर्षी एकदा तरी माझ्या टेबलावर घडतं.

शिराळकर
नमस्कार मंडळी. जरा वेगळं सांगतो, पण मिशीचंच हाय.

आमच्याकडं ऊसतोड सुरू झाली की फडात मांजराची पिलं घावत्यात. चार वर्सांमागं तोडकऱ्यांच्या पोरानं दोन आणली, म्हणला घ्या मालक, आय न्हाई त्यास्नी. शेजारच्या रानात आदल्या दिवशी पाचट पेटवलं हुतं. एका पिलाच्या एका अंगाच्या मिशा जळाल्याल्या. टोकं अशी वळून आकडा झाल्याली आन शेवटाला टाचणीच्या डोक्याएवढी काळी गाठ. बायकू म्हणली पाळू या. पर मला त्येंचं कपाळ बगून शंका आली. दोन पांढरे पट्टे, कान बारके, अंगावर तांबूस ठिपक्यांच्या ओळी. मांजर न्हवंच ते. वाघाटी, रानातली बारकी जात.

वनखात्याला १९२६ वर फोन लावला. माणसं आली. म्हणली हिला घरी ठेवायची न्हाई, वन्यजीव कायद्यात गुन्हा हाय, आन आय जित्ती हाय, ती रातच्याला शोधत येणार. संध्याकाळी त्याच फडाच्या कडंला क्रेटात ठेवली, आमी लांब बसलो गप. रातच्याला आली बया. केवढी म्हणाल तर आपल्या बोक्याच्या निम्मी. दीड किलोच्या आतबाहीर. एकेक उचलून घेऊन गेली.

तर सांगायचं काय, जळाल्याली मिशी आन कापल्याली मिशी याचा फरक मला तवा कळला. टोक बगा ताई, डाक्टर म्हणत्यात तसं.

वाईची वाट
शिराळकर, अंगावर काटा आला. आमच्या भुईंजकडच्या फडातही सापडतात. लोक 'रानमांजर' म्हणून पोत्यात घालून आणतात आणि दूध पाजून मारतात. हे जास्तीत जास्त लोकांनी वाचायला हवं.

दुपारची झोप
अवांतर, पण वाघाच्या मिशीचं विष करतात म्हणे? आमचे आजोबा सांगायचे, बारीक कापून जेवणात घालायची.

गोठ्यातला डॉक्टर
विष वगैरे काही नाही, तो केसच आहे, नखासारखाच केराटिनचा. पण त्या समजुतीपायी मेलेल्या वाघ-बिबट्याच्या मिशा उपटून नेतात. असली मिशी बाळगणं हाही गुन्हाच.

तुळशीवृंदावन
रात्री बघितलं. सासूबाईंनी स्वतः भिंग धरलं, मी बत्ती धरली, भाचा पिल्लाला घेऊन बसला होता. जे दिसलं ते जसंच्या तसं लिहिते.

भडंग: डाव्या गालाची खुंटं कुठलीच सरळ कापलेली नाहीत. टोकं पिंजारलेली आहेत, दात घासून घासून जुन्या ब्रशचे केस होतात तशी. एक खुंट लांब, शेजारचं आखूड, मधलंच एक जवळजवळ कातडीपाशी. कातडी स्वच्छ आणि गुलाबी, कोंडा नाही, चट्टा नाही. कानामागे, पंज्यांवर काही नाही.

टिकली: हिचं वेगळंच निघालं. तुटलेल्या नाहीतच! शिराळकर दादांनी लिहिलंय तसा आकडा झालाय टोकांना, आणि भिंगातून बारीक गाठ दिसते, पिवळट-काळी. भुवईवरच्या मिशाही तशाच.

सासूबाई भिंग खाली ठेवून बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "कात्रीने असं होत नाही." भाचा काही बोलला नाही, पण त्याने भडंगला घट्ट धरलं होतं.

उंबराखाली
मला एवढंच वाचायचं होतं.

शिराळकर
टिकलीचं कोडं सुटलं बगा. बंब! पिलं ऊबीला जात्यात. खालच्या जाळीतनं निखारा पडतो, तिथं नाक घालत आसंल.

तुळशीवृंदावन
हो दादा! पहाटे बंब पेटवला की ती राखेपाशीच असते, नाकाला राख लागलेली असते तिच्या. मी रोज पुसते आणि माझ्या डोक्यात आलं नाही. आजच बंबापुढे जुनी जाळी आडवी लावली आणि पिल्लांचं अंथरूण माजघरात हलवलं. सोनीने दोनदा तोंडात धरून परत नेली, तिसऱ्यांदा राहिली.

मिरज जंक्शन
सात घरं फिरवल्याशिवाय राहत नाही ती. पण मग भडंगचं काय? माझा काळूवर संशय आहे. ज्याच्या मिशा शाबूत तोच न्हावी!

वाईची वाट
हसू नका, त्यात तथ्य आहे. मी बीएस्सीला प्राणीशास्त्र घेतलं होतं, प्रयोगशाळेत उंदरांच्या पिंजऱ्यात हेच व्हायचं. सगळ्यांच्या मिशा कुरतडलेल्या आणि एकाच्या जशाच्या तशा, तोच बाकीच्यांच्या कुरतडणारा. मॅडम त्याला वेगळं ठेवायला सांगायच्या.

गोठ्यातला डॉक्टर
मिरज जंक्शन, संशय चुकीच्या दिशेने नाही, पण घरातलं आणखी कुणीतरी आहे ज्याच्या मिशा शाबूत आहेत. सोनी.

पिंजारलेली टोकं, असमान लांबी, निरोगी कातडी. हे चघळल्याचं लक्षण. भावंडं खेळता खेळता चावतात, तेही होतं. पण काही आयाच पिल्लांना चाटता चाटता मिशा कुरतडतात. साफसफाई फार करणाऱ्या, सतत चाटत बसणाऱ्या मांजरी असतात. पिल्लं मोठी होऊन लांब सरकली की थांबतं. तुम्ही एक-दोन रात्री लक्ष ठेवा.

राजवाडा सातारा
मला वेगळं म्हणायचंय. सगळे मिशीचं टोक बघताय, पण खाणं काय आहे ते कुणी विचारलं नाही. दूध-चपातीवर वाढवलेल्या मांजराचे केस आणि मिशा ठिसूळच होतात. गावभागात वाडा म्हणजे घरात अंडंही येत नसेल. सोनी अंगावर पाजतेय, तिला काय मिळतं?

तुळशीवृंदावन
खरं सांगते, दूध-भात आणि तूप लावलेली चपाती. वाड्यात मांसाहार होत नाही. सासूबाईंचं सोवळं आहे आणि मला ते मोडायचं नाहीये. पण सोनी बारीक झालीय हे दिसतंय.

पेठेतली हळद
आमच्या आजीची मांजर १४ वर्षं दूध-भातावर जगली. उगाच शास्त्र काढू नका.

राजवाडा सातारा
दादा, ती मांजर रात्री कुठं जायची ते आजीला माहीत होतं का? बाहेर उंदीर, पाली, चिमण्या खायची म्हणून जगली. दूध-भात हा तिचा नाष्टा होता.

गोठ्यातला डॉक्टर
राजवाडा बरोबर बोलतायत. मांजर हा शुद्ध मांसाहारी जीव. टॉरिन नावाचा घटक मांसातूनच मिळतो, मांजराचं शरीर तो पुरेसा बनवू शकत नाही. तो कमी पडला की डोळ्यांची नजर आणि हृदय दोन्ही जातं. गाईचं दूध तर बऱ्याच मोठ्या मांजरांना पचतच नाही. भडंगच्या मिशांना हे कारण वाटत नाही, कारण मग तिघांच्याही ठिसूळ झाल्या असत्या. पण सोनीसाठी हा प्रश्न मिशीपेक्षा मोठा आहे. घरात शिजवायचं नसेल तर पिल्लांचं तयार खाद्य मिळतं, कोरडे दाणे. ते आईलाही चालतं, पाजणाऱ्या मांजरीला तर उत्तमच. पितळी वाटीत परसात ठेवा, पाणी शेजारी.

कृष्णाकाठ
माझ्या सासूबाईही माळकरी. त्यांनी त्यावर एक वाक्य बोलून विषय संपवला, "तिच्या देवाने तिला तसंच घडवलंय." परसदारी वेगळी थाळी ठेवली, ती घरातल्या भांड्यांत मिसळायची नाही, बस. आणि षष्ठीदेवीचं वाहन मांजरच आहे ना, बाळंतिणीच्या पाचवी-सहावीला पूजतो ती. बाळंतिणीचे लाड करायचे तर मांजरीचे का नाही?

तुळशीवृंदावन
कृष्णाकाठ ताई, तुमचा प्रतिसाद मी सासूबाईंना वाचून दाखवला. त्यांनी दोनदा वाचायला लावला. संध्याकाळी स्वतः म्हणाल्या, "तुळशीच्या पलीकडे ठेव वाटी, फणसाखाली." आज सोनीने पहिल्यांदा दाणे खाल्ले. त्या आवाजाने पिल्लं घाबरून पळाली.

आणि दुसरी गोष्ट. काल रात्री अकराच्या सुमारास मी आणि भाचा माजघराच्या उंबऱ्याशी बसून राहिलो, दिवा बंद. सोनी आली, आडवी झाली. काळू पिऊन लगेच निसटला, नेहमीसारखा. टिकली झोपली. भडंगला मात्र तिने एका पंज्याखाली दाबलं आणि चाटायला लागली. कपाळ, कान, मग गाल. आणि मग मान वाकडी करून कुटकुट असा आवाज. सुपारी कातरताना येतो ना, त्याहून नाजूक. भडंग डोळे मिटून पडून होतं, घुरघुरत होतं. भाच्याने माझा हात दाबला आणि कानात म्हणाला, "मामी, मी नव्हतो."

मला त्या क्षणी काय झालं ते सांगता येत नाही. सकाळी सासूबाईंना सांगितलं. त्यांनी त्याला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "चुकलं माझं." आमच्या घरात हे शब्द त्यांच्या तोंडून मी बारा वर्षांत ऐकले नव्हते. मग त्याच्या आवडीचा साटोऱ्यांचा बेत झाला.

दुपारची झोप
डोळे भरून आले. आजींना माझा नमस्कार सांगा.

मिरज जंक्शन
काळूवरचा आरोप मी बिनशर्त मागे घेतो.

शिराळकर
भले शाब्बास. पोराला माझ्याकडनं एक ऊस.

वाईची वाट
आता सोनीला वेगळं करायचं का? माझ्या बहिणीला कुणीतरी लगेच तोडायला सांगितलं होतं.

गोठ्यातला डॉक्टर
अजिबात नको. आठ आठवडे पूर्ण होईतो आईपासून तोडायचं नाही. दुधासोबत शिस्तही तिथंच मिळते, चावा किती जोरात घ्यायचा हे पिल्लू तिथंच शिकतं. मिशा गेल्याने जीवाला धोका नाही. फक्त तोवर भडंगला उंचावर चढू देऊ नका, विहिरीचा कठडा, हौद वगैरे असेल तर झाका, आणि अंधारात एक मिणमिणता दिवा असू द्या. टिकलीच्या जळलेल्या टोकांना कात्री लावू नका, त्या आपल्या आपण गळून नव्या येतील. सोनी भरपेट खायला लागली, पिल्लं दाण्यांवर आली की तिचं हे चाटणंही कमी होईल. नवी मिशी दिसायला दोन-तीन आठवडे, पुरी लांब व्हायला दोन-तीन महिने.

आणि दोन महिने पुरे होताना जंताचं औषध आणि पहिली लस, तीन महिन्यांवर रेबीजची. भाच्याला ओरखडा उठला तर साबण लावून नळाखाली पंधरा मिनिटं धुवायचं आणि दवाखान्यात दाखवायचं. घरचं मांजर म्हणून सोडून द्यायचं नाही.

राजवाडा सातारा
एक विचारू? पसरट थाळीचं पण काही असतं ना? माझ्या बोक्याला अरुंद वाटी दिली की तो पंज्याने दाणे बाहेर काढून खातो.

गोठ्यातला डॉक्टर
काही मांजरांना वाटीच्या काठाला मिशा सतत घासलेल्या आवडत नाहीत. त्याने मिशा तुटत मात्र नाहीत. पसरट थाळी देऊन बघा, खर्च काहीच नाही. प्लास्टिकची नको, स्टील बरी. प्लास्टिकने काहींच्या हनुवटीवर काळे पुटकुळे येतात.

तुळशीवृंदावन
पाच आठवडे झाले, धागा वर आणतेय.

भाचा शाळा सुरू झाली म्हणून कराडला गेला. जाताना कंपासमधली सहा इंची पट्टी माझ्याकडे ठेवून गेला आणि वहीचं एक पान आखून दिलं, तारीख, डावा गाल, उजवा गाल. दर रविवारी मोजून फोनवर सांगायचं असं ठरलंय. पहिल्या दोन रविवारी शून्य सांगितलं तर त्याचा आवाज पडला होता. तिसऱ्या रविवारी उजेडाकडे गाल धरला तेव्हा एक दिसली. पांढरी, रेशमाच्या धाग्यासारखी, पण टोक चांगलं अणकुचीदार. सोनीने तिला हात लावला नाही. ती आता भरली आहे, पिल्लं जवळ आली की फिस्कारून हाकलते.

भडंग अजून उंबऱ्यापाशी थांबतं. एक पाय पुढे करून चाचपतं, मग उतरतं. पण पडत नाही.

आजचं माप: डावा गाल, सात मिशा, सगळ्यात लांब ११ मिलिमीटर. टिकलीचे आकडे दोन गळले, एक मी काडेपेटीत जपून ठेवलाय, त्याला दिवाळीत दाखवायला.

शिराळकर
काळूची पण मोजा. नाराज हुईल.